गोदाबाईसाहेबांनी जिना सर केला त्याची हकीकत

श्री वास्तुदेवता प्रसन्न. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, रविवार, ते दिवशी विश्रांतवाडी प्रांती 'मृदुला' सोसायटीचा जिना मोकळा जाहला. तो कोणी अडविला, कोणी सोडविला, हे पुढील पिढ्यांस कळावे, आणि अडविणारांची नावे तर नीटच कळावी, या हेतूने सदर हकीकत लिहिली असे.

इमारत तीन मजली, बिनलिफ्टची, बिऱ्हाडे नऊ. जिना रुंदीस साडेतीन फूट. पैकी पहिल्या मजल्यावर श्यामलाबाई यांचे चपलांचे कपाट बुरुजासारखे उभे. दुसऱ्यावर अनिरुद्धपंतांची व्यायामाची सायकल, जीवर व्यायाम कधी जाहला नाही, टॉवेल मात्र रोज वाळत. तिसऱ्यावर कुंड्या, ज्यांतील झाडे केव्हाच कैलासवासी जाहली. पैकी दोन कुंड्या लिहिणाराच्या. लपविणे इमानास शोभत नाही. तिसऱ्याच मजल्यावर मातोश्री गोदाबाईसाहेब, उमर अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे चार महिने खाली उतरल्या नव्हत्या.

ऐशात एके सकाळी तळमजल्यावरील मीटरच्या पेटीतून धूर निघाला. तमाम रयत चपला शोधीत खाली पळाली, आणि चिरंजीव ज्ञानदेवराव यांनी मातोश्रींस खुर्चीत बसवून, दोन शेजारी मदतीस घेऊन कूच केले, ते दुसऱ्या मजल्यावर सायकल व भिंत यांच्या दरम्यान खुर्ची अडकली. पुढे जाईना, मागे येईना, आणि धूर तो चढत चालला. मग मातोश्रींनी आज्ञा केली, "तुम्ही व्हा पुढे. जाताना चहा तेवढा टाका, मला वेळच वेळ आहे." तितक्यात वीजवाले येऊन धूर शमला. सर्व रयत हसली. ज्ञानदेवराव मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या मजल्यावर आनंदराव गजभिये, नागपुराकडे अग्निशामक दलात तीस साल चाकरी करोन लेकीकडे राहावयास आलेले. त्यांनी सेक्रेटरी श्यामसुंदरपंतांस बजाविले, "धूर काही नोटीस वाचून थांबत नाही जी. रविवारी तालीम घ्या. आजींची खुर्ची तीन मिनिटांत फाटकाशी पोचली पाहिजे."

पंतांनी तत्काळ फलकावर फर्मान लाविले की, प्रत्येकाने आपल्या मजल्यावरील जिन्यातून आपले सामान हलवावे. फर्मानाची तामिली अक्षरशः जाहली. शनिवारी दुपारी दोन ते चार, ज्या समयी शहरात बेल वाजविणे गुन्हा, त्या समयी कपाट पहिल्यावरून दुसऱ्यावर गेले, सायकल दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली, आणि कुंड्या उतरोन पहिल्यावर आल्या. वाटेत सर्वांची गाठ पडली, परंतु कोणी कोणास पाहिले नाही असे ठरले.

रविवारी अकरास पंतांनी फाटकाशी उभे राहून शिट्टी फुंकली. खुर्ची निघाली, सायकलीस घासून कशीबशी सुटली, आणि दुसऱ्या मजल्यावर कपाटाशी गच्च बसली. तेव्हा पंतांनी खालूनच जाब पुसला, मग श्यामलाबाई उत्तरल्या, "माझ्या मजल्यावर माझं काही नाही. बघून घ्या." अनिरुद्धपंतांनीही तेच सांगितले. लिहिणारानेही तेच सांगितले.

आनंदरावांचा संताप अनावर जाहला, परंतु मातोश्रींनी हात वर करोन त्यांस थांबविले आणि खुर्ची मागे नेण्यास साफ मनाई केली. "कपाट हलेल तेव्हा मी हलेन. तोवर बरी आहे इथे." ऐसे बोलोन त्यांनी विणकाम काढिले. वेढा पडला. वरचा खाली येईना, खालचा वर जाईना. बारा वाजले, कुकर झाले, वास सुटले, लोक उपाशी तग धरोन राहिले. परंतु एक वाजला, आणि पंतांस, जे तिसऱ्या मजल्यावर राहत, उमगले की आज वामकुक्षी नाही. मग त्यांचा धीर सुटला. त्यांनी कडक हुकूम काढिला की, कोणाचे काय कोठे हे न पाहता सर्व सामान ज्याच्या त्याच्या घरात जावे, आणि स्वतः कपाटास खांदा दिला. श्यामलाबाईंनी पुष्कळ तोंडसुख घेतले, पण दुसरी बाजू त्यांनीच उचलली. कपाट त्यांच्या दिवाणखान्यात गेले, सायकल अनिरुद्धपंतांच्या गॅलरीत, लिहिणाराच्या दोन कुंड्या त्याच्या पलंगाखाली, आणि बाकीच्या ज्याच्या त्याच्या घरी.

मग खुर्ची पुन्हा वर नेऊन पुनश्च शिट्टी जाहली. खुर्ची तिसऱ्या मजल्यावरून निघोन दोन मिनिटे चाळीस सेकंदांत, भिंतीस न लागता, फाटकाशी पोचली. आनंदरावांनी घड्याळ दोन वेळा पाहिले. ज्ञानदेवराव डोळे पुसू लागले.

मातोश्री चार महिन्यांनी उन्हात बसल्या. रस्त्यावरील एकेका माणसास नावाने हाक मारीत पाऊण तास बसल्या. मग पंतांस जवळ बोलावून म्हणाल्या, "तालीम चांगली झाली. पण एकदा करून काय होतंय? दर रविवारी घेत जा." येणेप्रमाणे दर रविवारी अकरास तालीम होते, आणि त्या कारणे जिन्यात आजतागायत एक चप्पलही ठेवणे कोणास साधले नाही. जिना फत्ते जाहला.