राणीसरकारांची सावली

झाड सांभाळण्यात विशेष काही नसतं, हे माझं मत सासूबाई लेकीकडे निघाल्या त्या सकाळीच मी जाहीर करून टाकलं! मी दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. खोकणारी, कण्हणारी, रांगेत घुसणारी माणसं रोज सांभाळते. तिथे एका झाडाची काय कथा!

"हे झाड तसलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं ते रानझाड मागच्या अंगणात, एका जुन्या डेरेदार झाडाच्या बुंध्याशी होतं. त्याला ऊन खपत नसे. ओलसर माती, पायाशी कुजका पाला आणि अंधूक उजेड, एवढंच त्याचं मागणं. थंडीत ते जमिनीखाली गडप व्हायचं आणि पुन्हा रुंद पानं पसरून उगवायचं. आमचे हे त्याला 'राणीसरकार' म्हणत.

"रोज जेवणानंतर त्याच्याजवळ बसायचं," सासूबाईंनी बजावलं. "बोलायचं नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. दचकतं ते!"

स्वयंपाकघर त्यांनी मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी देऊन टाकलं होतं. पण त्या कोपऱ्यात इतक्या वर्षांत पाऊल टाकू दिलं नव्हतं! मला अगदी भरून आलं. हे झाड जपलं तर मी खरी या घरची, असं मी मनाशी ठरवलं.

सकाळपाळी संपवून मी खुर्ची टाकून बसले. काय सांगू तुम्हाला! हिरवट उजेड पाण्यासारखा हलत होता. घरातले आवाज कुठून तरी पलीकडच्या काठावरून आल्यासारखे वाटत होते. मी आहे की नाही, हेच मला कळेना. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात माझं लक्ष राणीसरकारांकडे गेलं. एकही कळी नव्हती! म्हटलं, ऊन खपत नाही हे ठरवलं कुणी? बिचारीला ते मिळतच नाही. सासूबाई परत येईपर्यंत फूल आणून दाखवायचंच!

दुसऱ्या दिवशी सुट्टीच होती. वरच्या डेरेदार झाडाच्या फांद्या तोडणाऱ्याला बोलावलं.

"ही पण तोडू, ताई?"

"ही पण!"

"आणि ही मोठी?"

"ती तर आधी!"

मला चेवच चढला होता. दुपारी लख्ख ऊन थेट राणीसरकारांच्या डोक्यावर आलं आणि संध्याकाळपर्यंत पानं करपून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी ऊन वर येताच मी धावत जाऊन छत्री आणली. ती वाऱ्याने उडायला लागली, म्हणून स्वतःच धरून बसले. रजा टाकली. माती ओली ठेवली, पायाशी पाला पसरला आणि तोंडाला कुलूप लावलं.

कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, बाहेर का बसलीस?"

मी गप्प. झाड दचकेल ना!

"भांडण झालं का?"

मी गप्प. पण डोळ्यांत पाणी आलं, कारण आणखी एक पान तेव्हाच गळून पडलं होतं.

काकूंनी ताबडतोब सासूबाईंना फोन लावला. सुनेने घर सोडलंय, उन्हात छत्री धरून बसलीये, जेवत नाही, बोलत नाही! मिळेल त्या गाडीने सासूबाई परत आल्या. हातातली पिशवी खाली न ठेवता त्या तडक मागच्या अंगणात आल्या.

"आई, मी मारलं हो तुमचं झाड!" मी हंबरडा फोडला.

त्यांनी झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वर बघत होत्या.

"सावली कुठे गेली?"

"उन्हासाठी तोडली. पण हे झाड..."

"झाडाचं काय घेऊन बसलीस! ते मुळातून पुन्हा फुटतं. अगं, आता मी कुठे बसू?"

सासूबाई इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "भरलं घर होतं गं. दिवसभर नुसत्या हाका. एकदा या झाडापाशी बसले आणि म्हटलं, ओरडू नका, दचकतं. सगळ्यांनी ऐकलं! मग मी बसतच राहिले. तुला म्हटलं, आता तूही बस."

मला एकदम रडूच आलं. या बाईने मला झाड नव्हे, स्वतःची दुपार दिली होती, आणि मी ती फांद्यांसकट तोडून टाकली होती!

मग आम्ही जुना जाड पडदा दोरीने ताणून बांधला. त्याखाली दुसरी खुर्ची मांडली. दुपारी ह्यांनी घरातून विचारलं, "अगं, चहा कोण करणार?" आम्ही दोघी ढिम्म! शेवटी भांड्यांचा आवाज आला आणि थोड्या वेळाने चहासुद्धा आला, थोडा करपलेला.

राणीसरकार खरंच मुळातून फुटल्या. पुढे त्यांना फूलही आलं म्हणे, पांढरंशुभ्र, घंटेसारखं. असं हे सांगतात. आम्हाला नक्की माहीत नाही. ते उमललं तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो, पण घोरत होतो!