कानात गेलेलं हाड

गावंडे सर भेटले की "कसा आहेस" असं विचारत नाहीत. "जबडा उघड," म्हणतात. आपण उघडला की कानापुढे बोट दाबून "बंद" म्हणतात आणि समाधानानं मान हलवतात. दारव्ह्याच्या बसस्टँडवर माझी तपासणी पाहून एक कंडक्टरही मागे आ करून उभा राहिला. सरांनी त्यालाही तपासलं.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्याचं निम्मं श्रेय आईचं, निम्मं सरांचं. त्यांना तक्ते लागत नसत. सलीमभाईंच्या चिकनच्या दुकानातून ते कोंबड्यांची मुंडकी आणत, उकळून, घासून गच्चीवर वाळवत.

"सर, लोक लेगपीस मागतात, तुम्ही मुंडी," सलीमभाई म्हणायचे. "मेहमान आले तर वाढता काय?"

"लेक्चर!"

वर्गात कवटी हातात घेऊन ते सुरू करत, "डायनासोर मेले म्हणून रडू नका. त्याईचा सांधा सलीमच्या दुकानात लटकून राह्यला." खालचा जबडा ज्या हाडावर टेकतो ते क्वाड्रेट. डायनासोरमध्ये ते बहुतेक घट्ट बसलेलं. पक्ष्यांमध्ये सैल झालं, म्हणून कोंबडीची वरची चोचसुद्धा जराशी उचलते. "आन् आपल्यात? सरकत सरकत कानात गेलं! त्याचं चावणं सुटलं, ऐकणं सुरू झालं. म्हून माणसानं कमी चावाव, जास्त आयकाव."

हा धडा सरांनी गावभर वाटला, घरात मात्र नाही. त्यांची मुलगी वर्षा प्राणिशास्त्रात पहिली आली आणि यवतमाळला तिनं ब्यूटी पार्लर टाकलं. सर पाहुण्यांसमोर म्हणाले, "भुवया कोरायले शिकवलं का तुले?" ती ताटावरून उठून गेली. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. तेव्हापासून घरात दोघंच होती. आता सर आणि कवट्या. दोन वर्षं फोन नाही.

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा सर एक कवटी घासत होते. फोन वाजला. पडद्यावर वर्षाचं नाव. सरांनी ओल्या हातानंच उचलला.

"मी तुले तवाच सांगतलं व्हतं—"

मी डोळे मिटले. पण पुढचं वाक्य आलंच नाही. पाहतो तर सरांनी हातातल्या कवटीची चोच चिमटीत गच्च मिटून धरली होती. पलीकडून वर्षा बोलत होती. आधी चढ्या आवाजात, मग रडवेली, मग साधी. सरांची चिमटी सुटली नव्हती. शेवटचं तेवढं मलाही ऐकू आलं.

"बाबा, शाळेत जातानी तुमी माही चार पदरी वेणी घालत होते नं, ते कशी? उद्या एका नवरीले घालाची हाय."

सरांनी कवटी माझ्या हातात दिली.

"धर हे. मले दोन्ही हात लागतात."

फोन कान आणि खांद्यात दाबून ते हवेत बोटं गुंफू लागले. "पाह्य माय, पहिला पदर डावीकून..."