परिषदेत मी काय ऐकलं

"संगीतशिक्षकांच्या परिषदेला मला पाठवा, परत येऊन अख्ख्या शाळेला ज्ञान वाटतो!" असं मी मुख्याध्यापिकाबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांनी पाठवलं. आणि आता सगळे शिक्षक माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. संगीताचा तास ठेवायचा की गणिताला द्यायचा, हे माझं ऐकून ठरणार होतं!

पण सांगणार काय, कपाळ? परिषदेच्या दारातच एका शिक्षिकेच्या चिमुरडीनं भोकाड पसरलं होतं. मी तिला टाळ्यांचा ठेका शिकवायला घेतला. पोर हसली. झालं! "आजोबा, जरा आमच्याकडेही बघा हं," म्हणत जो तो आपलं पोर माझ्यापुढे सोडून आत पळाला. माझी जन्माची खोड अशी, की सगळ्यांचा ठेका जुळल्याशिवाय मी तास सोडत नाही. आणि ठेका जुळत आला, की नवं पोर हजर! शेवटी आतले लोकच बाहेर आले. एका बापानं जाताना विचारलं, "आजोबा, उद्याही तुमचीच पाळी का?"

"बोला ना सर," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "परिषदेचं सार काय?"

"शांतता!" मी ठोकून दिलं.

"म्हणजे?"

"म्हणजे... मुलांनी गायचं नाही. नुसतं ऐकायचं. खरं संगीत शांततेतच असतं!"

गणिताचे सर सरसावून बसले. "मग पेटी कशाला लागते?"

"नाहीच लागत!"

"आणि संगीताची खोली?"

"छे! कुठेही बसावं!"

"आणि संगीतशिक्षक?"

मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"बाई," सर म्हणाले, "शांतता माझ्या तासाला कायमच असते. द्या तो तास मला!"

"पटतंय," म्हणत बाईंनी पेन उचललं.

माझ्या डोळ्यांपुढे तिसरीतली पोरं रांगेत पाढे घोकत उभी राहिली. "थांबा!" मी किंचाळलोच. "खोटं बोललो मी! परिषद मी ऐकलीच नाही. दाराबाहेर लोकांची पोरं सांभाळत होतो!"

चित्रकलेच्या बाईंनी पदरात तोंड लपवलं. माझे कान तव्यासारखे तापले. धरणी दुभंगेल म्हणून खाली पाहिलं, तर फरशी भलतीच पक्की!

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसला. "किती वेळ सांभाळलीत?"

"परिषद संपेपर्यंत."

"रडलं कोण?"

"कुणीच नाही."

"मग तास राहू दे," त्या म्हणाल्या. मी हुश्श केलं. "पण सर, यापुढे पालकसभेलाही तुम्ही आत यायचं नाही. बाहेर पोरं फार रडतात!"