अबोलीची पाच जपानी स्थळं

श्यामकांत रेग्यांनी तीस वर्षं कोर्टात भाषांतरकार म्हणून काढली आणि तेवढ्या काळात एकाही न्यायाधीशाने त्यांच्या शब्दावर बोट ठेवलं नाही. हे ते स्वतःच सांगतात, न विचारता सांगतात. दिंडोशीच्या त्यांच्या सोसायटीत पाणी बंद राहण्याची नोटीससुद्धा आधी त्यांच्या नजरेखालून जाते. अशा माणसाची वाट लागावी ती एका दोन अक्षरी शब्दाने! पण तसं झालं खरं.

त्यांची मुलगी अबोली बत्तीस वर्षांची. मालाडला ऑफिसात जाते आणि उरलेल्या वेळात जपानी ॲनिमेशनपट बघते. बघते म्हणजे लोक पोथी वाचतात तशी, पुन्हापुन्हा. त्या सिनेमांत काढलेली ठिकाणं खरोखर जपानात असतात म्हणे, आणि जगभरातले वेडे ती शोधत जातात. यंदा अबोलीनेही जायचं ठरवलं. आईला, म्हणजे कुंदाताईंना, विमान सोसत नाही. म्हणून एका संध्याकाळी तिने सहज विचारलं, "बाबा, तुम्ही येता का?"

विचारलं सहज, पण श्यामकांत आत जाऊन उगाच पाच मिनिटं चष्मा पुसत बसले. कारण दोन वर्षांपूर्वी चौदावा मुलगा दाखवून झाल्यावर अबोलीने सांगितलं होतं, "यापुढे माझ्यासाठी एक जरी मुलगा बघितलात, तर मी वेगळी राहीन." त्यांनी शब्द दिला आणि पाळला. पण तेव्हापासून बापलेकीत भाजी काय आणि गिझर बंद केला का, याखेरीज बोलणंच उरलं नव्हतं. त्यांना ते फार लागलं होतं. आता मुलीने आपणहून हात पुढे केला होता. ते 'येतो' म्हणाले आणि अबोलीने दोन तिकिटं काढली.

अबोलीने यादी दाखवली. एका टेकडीवरच्या पायऱ्या, समुद्रकाठचं रेल्वे फाटक, एक बसथांबा, एक जुनं झाड आणि डोंगरातलं जुनं सार्वजनिक न्हाणीघर.

"पायऱ्या?" श्यामकांत म्हणाले. "अगं, पायऱ्या आपल्या जिन्याला आहेत. झाडं समोर आरे कॉलनीत आहेत. न्हाणीघर तर घरातच आहे."

अबोली चिडली नाही. तिने त्यांना एक सिनेमा लावून दिला. त्यात एक मुलगी त्या पायऱ्यांवर येऊन बसते. वारा सुटतो. कुणाचं तरी धुणं हलतं.

"आता काय होणार?"

"काही नाही. ती बसलीय."

"मग?"

"बाबा, मला तिथे जाऊन नुसतं बसायचंय. मला पण जरा वेळ कुणी काही विचारू नये."

श्यामकांतांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मुलगी इतकी दमलेली आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली: ऊन कुठल्या बाजूने येतं, बसायचं ते वरून कितव्या पायरीवर, तुला नेमकं काय आवडतं तिथलं. तीन संध्याकाळी हेच चाललं. चौथ्या दिवशी दुपारी उत्साहाच्या भरात त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर, अर्थातच निर्दोष मराठीत, लिहिलं:

"सप्रेम नमस्कार. चि. अबोलीने जपानमधील पाच स्थळे पसंत केली आहेत. मी तिच्यासोबत ती प्रत्यक्ष पाहण्यास जात आहे. दोन फार जुनी आहेत. एक डोंगरात असून एक समुद्रकाठी आहे. प्रत्येक स्थळास एक दिवस पुरेल असे वाटते. कुणास अनुभव असल्यास मार्गदर्शन करावे."

आणि ते झोपले.

उठून बघतात तो एक्केचाळीस मेसेज. सुहासिनीवहिनींनी आधी अभिनंदन केलं होतं आणि मग विचारलं होतं, "पण पाचही जपानी?" पुतण्या सुबोधने लिहिलं होतं, "डोंगरात म्हणजे जमीन स्वतःची का?" एका चुलत आत्याची शंका होती, "फार जुनी म्हणजे बिजवर?"

'बिजवर'पाशी श्यामकांतांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी ताबडतोब खुलासा केला. खुलासा करण्यात तर त्यांचा हातखंडा!

"सदर स्थळांचा विवाहाशी काहीही संबंध नाही. अबोली प्रत्येकासोबत केवळ दोन-तीन तास घालवून परत येईल. पैकी एक सार्वजनिक न्हाणीघर आहे."

यावर सुहासिनीवहिनी ग्रुप सोडून गेल्या.

साडेपाचला अबोली आली. चप्पल न काढताच म्हणाली, "भाऊरावमामाचा फोन आला होता. जपानी कशाला, बोरिवलीत चांगला मुलगा आहे म्हणाला. बाबा, शब्द दिला होतात ना तुम्ही?"

"अगं, ऐक तरी."

"नको. मी एकटी जाते. तुमचं तिकीट रद्द करते."

श्यामकांतांनी वाद घातला नाही. पुरावा म्हणून फोनच पुढे केला. अबोलीने पहिला मेसेज वाचला, दुसरा वाचला. न्हाणीघरापाशी तिने कपाळाला हात लावला.

"'ठिकाणं' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"ठिकाण कुठलंही असतं गं. रेशनचं दुकानही ठिकाण. माणूस जे मुद्दाम बघायला जातो ते स्थळ. प्रेक्षणीय स्थळ म्हणतो ना आपण, तसं."

अबोलीने फोनवरून नजर काढली. "त्या पायऱ्यांना तुम्ही प्रेक्षणीय म्हणताय?"

"आता म्हणतो. तू सांगितलंस तेव्हा कळलं मला."

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "तीन दिवस तुम्ही मला त्या पायऱ्यांबद्दल विचारताय. त्या चौदा मुलांच्या वेळी एकदा तरी विचारलं होतंत का, तुला काय आवडतं म्हणून?"

श्यामकांतांनी पगार विचारले होते, गोत्रं विचारली होती, सगळं त्यांच्या वहीत होतं. "नाही," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

तेवढ्यात कुंदाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झालं असेल तर भाऊला कुणीतरी फोन करा. तो बोरिवलीच्या पाहुण्यांना घेऊन निघालाय. साडेसहाला पोचतील."

अबोली उठून उभी राहिली. श्यामकांतांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि मेहुण्याला लावला, स्पीकरवर.

"भाऊराव, परत फिरा. अबोली मुलगा बघणार नाही."

"अहो श्यामकांतराव, आम्ही रिक्षात बसलोय! मग काय बघणार ती?"

"जपानातल्या पायऱ्या. त्यांच्यावर ती बसणार आहे."

"बसून काय करणार?"

"काही नाही. नुसती बसणार."

"आणि तुम्ही?"

"मी तिच्या शेजारी बसणार."

पलीकडे कुजबुज झाली. मग भाऊराव आवाज खाली आणून म्हणाले, "पाहुणे विचारतायत, असं काही तुमच्या घराण्यात आहे का?"

श्यामकांतांनी अबोलीकडे पाहिलं. आजवर चौदा वेळा त्यांनी पाहुण्यांपासून तिचे सिनेमे लपवले होते, तिचा तापटपणा लपवला होता, एकदा तर चष्मासुद्धा काढायला लावला होता.

"आहे," ते म्हणाले. "माझ्याकडून आलंय."

पंधरावं स्थळ रिक्षातूनच परत गेलं. रेग्यांच्या घरात त्याचं कुणालाही वाईट वाटलं नाही. कुंदाताईंना वाटलं थोडं. त्यांनी सहा माणसांचे पोहे भिजवून ठेवले होते.