सदोबा गिधाडाची पहिली पट्टी

एका जंगलात, मुलांनो, आजारी पडायची उत्तम सोय होती. दवाखान्यात पोचायची मात्र नव्हती. म्हणून दाजीसाहेब अस्वलांनी रुग्णवाहिका सुरू केली. गाडी ओढायला दोन गाढवं मिळाली. रुग्णसेवक काही मिळेना.

जाहिरात निघाली. उमेदवार शांत हवा. गोड बोलणारा हवा. रक्त बघून चक्कर न येणारा हवा. आणि सगळ्यांच्या आधी पोचणारा हवा.

हरणाला जाहिरात वाचूनच चक्कर आली. माकड मुलाखतीला बसलं, ते टेबलावर. सगळ्या अटींत बसला तो एकटा सदोबा गिधाड.

"अनुभव?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"अखेरच्या क्षणी जवळ बसण्याचा बराच आहे, साहेब," सदोबा लाजून म्हणाला. "पण आता सुधारायचं म्हणतोय."

तो खरंच सुधारला. आठवडाभर झाडाच्या फांद्यांना पट्ट्या बांधून शिकला.

मग वर्दी आली. रखमाजी रानडुक्कर ओढ्याकाठी बेशुद्ध! गाढवं उठायच्या आत सदोबा उडत पोचला. उशाशी बसला. मान वाकवून मायेनं म्हणाला, "काका, घाबरू नका. मी आलोय."

रखमाजीनं डोळे उघडले. ताडकन उठला आणि पळत सुटला, तो थेट दवाखान्यात. तिथं त्याला थांबवायला चौघं लागले.

महिनाभर हेच. सदोबा दिसला की रुग्ण पायी दवाखाना गाठी. दाजीसाहेबांचा सत्कार झाला. सदोबा मात्र रडवेला.

"साहेब, एकानंही पट्टी बांधू दिली नाही हो!"

एके दिवशी मधाच्या नादात दाजीसाहेबच झाडावरून पडले. पाय मोडला. वर बघतात तो सदोबा! पळायला गेले, पण उठताच येईना. त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"निदान लवकर आटप बाबा," ते पुटपुटले.

सदोबानं लवकर आटपलं. पायाला दोन काठ्या लावल्या. पट्टी बांधली. पाणी पाजलं. गाडी येईपर्यंत पंखानं वारा घातला.

दवाखान्यात दाजीसाहेब हळूच म्हणाले, "सदोबा, चोच फार हलकी आहे रे तुझी. काही दुखलं नाही."

सदोबाचे डोळे भरून आले. "मग सगळ्यांना सांगू, साहेब?"

"खबरदार!" दाजीसाहेब ओरडले. "उद्यापासून कुणी उठून पळणार नाही!"

तात्पर्य : रुग्णसेवकाच्या अंगी कौशल्य, तत्परता आणि माया जरूर असावी, फक्त रुग्णाला त्यांचा पत्ता लागू देऊ नये.