घासलेला कडा

रविवारी पाहुणे येणार म्हणून शनिवारी सकाळी हानेजिमा बेटावर गावसफाई झाली, आणि ती संपल्याबरोबर गावच्या भोंग्यावरून महिला मंडळाच्या अध्यक्ष हामाआजींनी सगळ्यांचे आभार मानले. तोमेकिची त्या वेळी मिसोच्या सुपाचा वाडगा तोंडाला लावून बसला होता. धक्का झाला, देऊळ झालं, बंद शाळेचं पटांगण झालं, इथपर्यंत त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. पुढं हामाआजी म्हणाल्या, "आणि यंदा पहिल्यांदाच आपण पक्ष्यांचा कडासुद्धा घासून लख्ख केला आहे." मिसो त्याच्या नाकात गेला.

"अगं, कडा? कुठला कडा?"

"बेटावर कडे किती आहेत?" त्याची बायको फुसाए त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाली. "कसली घाण होती हो तिथं! पांढरेच्या पांढरे ओघळ. हामाआजी स्वतः कमरेला दोरी बांधून खाली उतरल्या. आम्ही सहाजणी वरून दोरी धरून होतो."

"आणि लाकडी पक्षी?"

"साबणानं धुतले. पुसले. उंचीप्रमाणं एका रांगेत लावलेत. शाळेतली मुलं उभी करतात ना, तसे."

तोमेकिचीनं वाडगा खाली ठेवला. त्याला काही बोलायचं होतं, पण गेली सात-आठ वर्षं जे बोललं नव्हतं ते आता नाकातून मिसो गळत असताना कुठून सुरू करायचं, हे त्याला सुचेना.

गोष्ट अशी होती. ओरोरो हा काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, ताठ उभा राहणारा पक्षी. एके काळी या कड्यावर ओरोरोंची दाटी असे आणि त्यांच्या घोगऱ्या ओरडण्यानं गावातल्या पोरांची झोपमोड होई. मग ते हळूहळू नाहीसे झाले. त्यांना परत बोलवायला सरकारी संशोधकांनी कड्याच्या कपारीत लाकडी ओरोरो उभे केले आणि त्यांची देखभाल तोमेकिचीवर सोपवली. जाताजाता एकानं त्याला सांगितलं, की नुसते लाकडी पक्षी पुरत नाहीत. ओरोरोला शेजार लागतो, आणि शेजार आहे हे तो खडकावरच्या शीटेवरून ओळखतो. स्वच्छ खडक म्हणजे त्याच्या लेखी ओसाड घर. तेव्हापासून दर वसंतात तोमेकिची पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन कड्यावर जाई आणि खडकावर मन लावून शीट रंगवी. ओघळ कुठं जाड, कुठं बारीक, कुठं शिंतोडे, यात त्याचा हात आता चांगलाच बसला होता. पण एवढ्या वयाचा माणूस, पाहुणेघराचा मालक, रोज सकाळी शीट रंगवायला जातो हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगणार? घरी तो "पक्षी रंगवायला जातोय" एवढंच म्हणे.

यंदा तीन खरे ओरोरो कड्याखालच्या पाण्यात पोहताना दिसत होते. वर येत नव्हते, पण लांबही जात नव्हते. आणि रविवारी साप्पोरो शहराहून सहली काढणाऱ्या किरियाबाईंची पक्षी पाहणारी मंडळी येणार होती. कड्यावर खरा ओरोरो दिसला, तर दर उन्हाळ्याला सहली आणू, असं बाईंनी कळवलं होतं. नाही दिसला, तर बेटावरचं हे शेवटचं पाहुणेघर बंद. मुलगा युताका यानं नवीन वर्षाला येऊन स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, हा शेवटचा उन्हाळा. नाहीतर दोघं साप्पोरोला या. खोली रिकामी केलीय." त्या सातव्या मजल्यावरच्या खोलीच्या नुसत्या आठवणीनं तोमेकिचीला गुदमरायला होई. त्याला मरायचं होतं ते याच बेटावर, समुद्राच्या आवाजात.

तो तडक मच्छीमार सोसायटीच्या दुकानात गेला. दुकान इसोबेच सांभाळायचा आणि पाहुण्यांना फिरवायची बेटावरची एकुलती एक होडीही त्याचीच.

"पांढरा रंग दे."

"संपला," इसोबे म्हणाला. "धक्क्यावरचे खुंट रंगवले ना पाहुण्यांसाठी. निळा आहे. देऊ?"

"निळी शीट कुठल्या पक्ष्याची असते रे?" तोमेकिचीच्या तोंडून निघून गेलं, आणि मग सगळंच सांगावं लागलं. इसोबे ऐकताना हसला नाही. उलट त्यानं गंभीरपणे सुचवलं, "हामाआजींना सांगून टाक की."

"त्यांना? या वयात दोरीला लटकून घासलंय त्यांनी. भोंग्यावरून आभार मानून झालेत. आता मी जाऊन म्हणू, की आजी, घाण हवी होती? महिला मंडळ जन्मात माझ्याशी बोलायचं नाही."

हे इसोबेला पटलं. बेटावर एखाद्याचं श्रमदान वाया गेलं असं तोंडावर सांगण्यापेक्षा बेट सोडून जाणं सोपं होतं. दोघांनी बराच विचार केला, आणि बंद शाळेच्या अडगळीत पटांगणावर मारायची फक्की पडून असल्याचं इसोबेला आठवलं. रंग तर मिळाला. पण कोरडी फक्की उभ्या खडकाला चिकटणार कशी? त्यासाठी खळ हवी होती.

तोमेकिची घरी आला आणि चेहरा पाडून म्हणाला, "अगं, पोट जरा बरं नाही. थोडी पेज करतेस? थोडी म्हणजे, मोठं पातेलंभर."

आयुष्यात कधी पोटाची तक्रार न केलेला नवरा पातेलंभर पेज मागतो म्हटल्यावर फुसाए घाबरली. तिनं त्याला अंथरुणात घातलं, तांदूळ शिजत लावला आणि पेजेबरोबर द्यायला उमेबोशीचं आंबट लोणचं मागायला शेजारी हामाआजींकडं गेली. थोड्याच वेळात भोंगा खरखरला. "तोमेकिचींची तब्येत बरी नाही. उद्या पाहुणे यायचे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी पेज करून द्यावी." तोमेकिचीनं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

दुपारपर्यंत दारात सात पातेली जमली. आजाऱ्याला त्रास नको म्हणून कुणी आत आलं नाही. दारातच वाकून, हळू आवाजात "सांभाळा हं" म्हणून लोक परत जात होते. ही माया ऐकून तोमेकिचीला पांघरुणातून तोंड बाहेर काढवेना. त्यातच फुसाएनं युताकाला फोन लावल्याचं त्यानं पांघरुणातून ऐकलं.

"तो काय म्हणाला?"

"उद्याच्याच बोटीनं येतोय. म्हणाला, आता पुरे झालं. दोघांना घेऊनच जातो."

फुसाए स्वागताच्या बैठकीला गेली, तसा तोमेकिची ताडकन उठला. धुकं दाटून आलं होतं, तेवढी देवाची कृपा. इसोबेनं हातगाडी आणली. सात पातेली पेज आणि दोन पोती फक्की घेऊन दोघं म्हातारे होडीनं कड्याखाली गेले आणि गंजक्या शिडीवरून कपारीत चढले. लाकडी ओरोरो खरंच उंचीप्रमाणं उभे होते, चकचकीत, खाली मान घालून शिक्षा भोगत असल्यासारखे. तोमेकिचीनं पेजेत फक्की कालवली आणि कामाला लागला.

"इकडं जरा जास्त टाक," इसोबे मागं सरकून बघत म्हणाला.

"तू नको शिकवूस. ओघळ वरून बारीक सुरू होतो, खाली रुंद होतो."

"आठ वर्षं करतोयस हे?"

"गप्प धर ते पातेलं."

संध्याकाळी फुसाए परतली तेव्हा तोमेकिची पुन्हा पांघरुणात होता आणि रिकामी पातेली रीतीप्रमाणं, प्रत्येकात थोडी वाळवलेली मासळी ठेवून, ज्याच्या त्याच्या दारात पोचली होती. हामाआजी आपलं पातेलं घेऊन उभ्या उभ्या आल्या. दारातून त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"फुसाए, पोट बिघडलेल्या माणसानं सात पातेली संपवली?"

"हो ना आजी."

"मग पोट नव्हे. डोकं बघून घे त्याचं."

दुसऱ्या दिवशी बोट आली. किरियाबाई आल्या, त्यांची दुर्बिणवाली मंडळी आली, आणि सगळ्यांच्या मागं युताका उतरला. धक्क्यावर त्याला कुणीतरी सात पातेल्यांची हकीकत सांगितलेली असावी, कारण तो वडिलांशी लहान मुलाशी बोलतात तसा सावकाश बोलू लागला. "बाबा. मी युताका. ओळखलंत ना?"

"होडीत बस गपचूप," तोमेकिची म्हणाला.

गावाचा मान म्हणून हामाआजी आणि फुसाएही होडीत बसल्या. कड्याला वळसा घालण्यापूर्वीच कलकलाट ऐकू आला, आणि तोमेकिचीला आपली चूक कळली. पेज. ताजी, मऊ, मीठ घातलेली पेज त्यानं अख्ख्या समुद्राला वाढून ठेवली होती.

होडी वळली. बेटावरचे झाडून सगळे समुद्रपक्षी रात्रभर कड्यावर जेवून गेले होते आणि काही अजून ढेकर देत बसले होते. पेजेचा कण उरला नव्हता. फक्कीही पोटात गेली होती. पण जेवणावळ झाल्यावर जे व्हायचं ते झालं होतं. कडा वरपासून खालपर्यंत पांढरा झाला होता. ओघळ वर बारीक, खाली रुंद, अधूनमधून शिंतोडे. तोमेकिचीनं उभ्या आयुष्यात इतकं सुंदर काम केलं नव्हतं. धक्काबुक्कीत लाकडी ओरोरोंची रांगही मोडली होती आणि ते गावच्या बाजारातल्यासारखे वेडेवाकडे, एकमेकांकडं वळून उभे होते.

इसोबेनं इंजिन बंद केलं. होडी जवळ आलेली पाहून पोट भरलेले समुद्रपक्षी एकेक करून उडून गेले. कपार शांत झाली. मग पाण्यातून ते तीन ओरोरो उठले, वर गेले आणि लाकडी पक्ष्यांमध्ये जाऊन उतरले. त्यातल्या एकानं समोरच्या लाकडी ओरोरोला मान लववून नमस्कार केला. उत्तर आलं नाही तेव्हा आणखी खाली लववून केला. आणि त्यानं ती घोगरी हाक दिली, जी तोमेकिचीनं तरुणपणी शेवटची ऐकली होती. किरियाबाईंनी दुर्बीण खाली घेतली. त्या रडत होत्या. तोमेकिचीलाही रडू आवरेना, आणि त्यानं ते आवरलंही नाही.

"शी! काय ही घाण!" हामाआजी म्हणाल्या. "कालच घासला होता! फुसाए, सोमवारी परत बायकांना जमव."

तोमेकिची उभा राहिला, तशी होडी हेलकावली.

"आजी, घासू नका! ती घाणच हवी असते. घाण नसेल तर ते येत नाहीत. आठ वर्षं मी रंगवतोय ती. स्वतःच्या हातानं. शीट रंगवतो मी, शीट!"

हे तो इतक्या मोठ्यानं बोलला, की साप्पोरोच्या मंडळींतल्या दोघांनी दचकून टोप्या काढल्या. हामाआजींनी कमरेवर हात ठेवले.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं? मी दोरीला लटकले रे या वयात!"

तोमेकिची त्यांच्यापुढं कमरेतून वाकला आणि वाकूनच राहिला. शेवटी आजींनीच त्याला बाहीला धरून खाली बसवलं. किरियाबाईंनी डोळे पुसून पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या सहली तिथंच ठरवून टाकल्या.

होडी परत फिरली. सगळे पुढं गप्पांत रंगले तेव्हा तोमेकिची मागं फुसाएजवळ येऊन बसला. "तुला सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "लाज वाटली गं."

"मला ठाऊक होतं."

"काय?"

"रंगाचं. तुमचे कपडे कोण धुतं? पक्ष्यांची पाठ काळी, आणि कपड्यांवर डाग नुसते पांढरे?" ती समुद्राकडं बघत बोलत होती. "हामाआजी ब्रश घेऊन निघाल्या तेव्हा एक शब्द बोलले असते तर थांबल्या असत्या. मी बोलले नाही. दोरी धरून उभी राहिले."

"का?"

"मला साप्पोरोला जायचं होतं. नातवंडांजवळ. इथला हिवाळा माझ्या गुडघ्यांना सोसत नाही आता. तुम्ही म्हणता, आपल्याला इथंच मरायचंय. आपल्याला म्हणजे कुणाला, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत."

इतक्या वर्षांत ओरोरोला काय हवं ते तोमेकिचीनं कुणाकुणाला विचारलं होतं, आणि घरातल्या माणसाला नाही. त्याला मनापासून वाईट वाटलं.

"किरियाबाई," त्यानं पुढं बघत हाक मारली, "हे पक्षी इथं किती दिवस राहतात?"

"पिल्लं पाण्यात उतरली की निघतात. ऑगस्टपर्यंत, फार तर."

तोमेकिचीनं फुसाएकडं पाहिलं. तिनं गुडघ्यावर पसरलेला रुमाल घडी करून नीट ठेवला. मग तो लेकाकडं वळला आणि घसा खाकरून म्हणाला, "युताका, ऑगस्टनंतर येतो आम्ही. वसंतापर्यंत. त्या तुझ्या खोलीत दोन गाद्या मावतील ना?"

युताकानं आधी आईकडं पाहिलं, मग वडिलांकडं.

"आईची गादी तर गेल्या वर्षीच घातलीय, बाबा. तुमचीच तेवढी आणायची राहिलीय."