दात, नग दोन

सगळं झालं ते टेबल आवरण्यावरून. आता टेबल आवरणं हा काही गुन्हा नाही. पण ज्या टेबलाला "हात लावू नका" असं बायकोने तीनदा बजावलंय, ते टेबल शहाण्या नवऱ्याने आवरू नये. आणि आपले नगसाहेब शहाणे आहेत असा आरोप त्यांच्यावर आजवर कोणीही केलेला नाही.

नगसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाच्या कारखान्यात ते सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर. पिंपं, डबे, झाकणं, ब्रश, सगळं त्यांच्या ताब्यात. चहासुद्धा ते "दोन नग पाठव" असा मागवत, म्हणून कारखान्याने त्यांचं बारसं केलं. घरी मात्र ते "अरे" होते, "अहो" होते आणि "जावईबापू" होते, आणि तिन्ही हाका एकदम आल्या की आधी कोण व्हायचं हे त्यांना कळत नसे.

हाका यायच्याच, कारण घरात म्हातारी माणसं चार. (चार नग, असं ते मनात म्हणत. मोठ्याने एकदाच म्हणाले होते.) त्यांचे बाबा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. बोलायला लागले की शेवटचा स्टॉप येईपर्यंत थांबत नसत. आई या बोलण्याला पन्नास वर्षं हुंकार देत आलेली. सासरे कोर्टातले टायपिस्ट, दिवसाला सहा शब्द बोलणारे. हसणं तर सोडाच. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांचा चेहरा निकाल विरुद्ध लागल्यासारखा आहे. सासूबाईंचा स्वभाव काळजीचा. त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली म्हणून दोघं आठ दिवसांसाठी लेकीकडे आली होती, त्याला आता दोन वर्षं झाली. लिफ्ट केव्हाच सुरू झाली, पण तो विषय कोणी काढत नाही. आणि खरं सांगायचं तर कोणाला काढायचाही नव्हता.

हा सगळा कारभार हाकत होती नगसाहेबांची बायको. ती हॉस्पिटलात सिस्टर. एकोणीस वर्षं रात्रपाळ्या करून, दोनदा नापास होऊन, तिसऱ्यांदा ती मेट्रनच्या परीक्षेत पास झाली होती. आता राहिलं होतं फक्त चार दिवसांचं प्रशिक्षण, तेही परगावी. एक दिवस जरी बुडाला तरी पद दुसरीला जाणार, असं पत्रातच लिहिलेलं.

"मी जाऊ का नको?" ती आठवडाभर विचारत होती.

"जा, बिनधास्त जा! मी रजा काढतो," नगसाहेब म्हणाले. "बाराशे पिंपं सांभाळतो मी. चार माणसं काय जड आहेत?"

"पिंपं पडली तर त्यांची हाडं मोडत नाहीत, अहो. एकाला जरी काही झालं ना, तर मी आहे तिथून उठून येईन. मग ते पद गेलं खड्ड्यात."

रविवारी दुपारी तिने चौघांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आतून हसण्याचा आवाज आला. (तिघांच्या. चौथे कोण ते सांगायला नको.) माझं ऐकायला सांगत असेल, असं समजून नगसाहेब बाहेर छाती फुगवून बसले. सोमवारी सकाळी सहाच्या गाडीने ती गेली.

आणि नगसाहेबांची नजर जेवणाच्या टेबलावर पडली.

काय नव्हतं त्या टेबलावर? खिडकीशी निळ्या वाटीत बाबांची कवळी भिजत ठेवलेली, रेडिओमागे पांढऱ्या वाटीत सासऱ्यांची. दोन्ही वाट्यांवर बायकोने चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एक चष्मा वर्तमानपत्रात, एक साखरेच्या डब्यावर, एक चक्क बुटात. पाहणाऱ्याला पसारा, पण ज्याची वस्तू त्याच्या हाताशी, अशी ती व्यवस्था होती. नगसाहेबांना मात्र ते बघून कसंतरीच झालं. त्यांच्या स्टोअरमध्ये वस्तू मालकाप्रमाणे लावत नाहीत, जातीप्रमाणे लावतात. ब्रश सगळे एका खणात, झाकणं सगळी एका पेटीत. कोणाचा ब्रश आणि कोणाचं झाकण हा प्रश्न कारखान्यात कधी उद्भवत नाही.

दुपारी चौघं वामकुक्षीला गेल्यावर नगसाहेबांनी बाह्या सरसावल्या. चष्मे गोळा केले, जुने-नवे धरून नऊ निघाले, ते एका खोक्यात. दोन्ही कवळ्या घासूनपुसून एका मोठ्या बरणीत. वाट्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, कारण रिकाम्या भांड्यावर जुनी चिठ्ठी ठेवायची नाही असा स्टोअरचा नियम आहे. मग नवी कोरी नोंदवही उघडून त्यांनी सुवाच्य अक्षरात रकाने पाडले. वस्तू, नग, स्थिती, शेरा. "दात, नग दोन, स्थिती चालू." शेऱ्याच्या रकान्यात कारखान्यात ते बहुतेक वेळा "झाकण सैल" लिहीत, पण इथे काही लिहिण्यासारखं सापडलं नाही. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात आडवं स्टूल लावून त्यांनी स्टोअरसारखी माल द्यायची खिडकी सुरू केली.

चार वाजता सगळे उठले.

"अरे, माझे दात कुठेत?" बाबांनी पोकळ तोंडाने विचारलं.

"चिठ्ठी भरा, बाबा. चिठ्ठीशिवाय माल मिळत नाही."

"चिठ्ठी भरायला चष्मा लागतो."

"मग आधी चष्म्याची चिठ्ठी भरा."

"ती तुझा आजोबा भरणार का रे?"

बाबांचं हे भाषण सुरू असताना सासरे मुकाट्याने पुढे झाले आणि न बघता सही ठोकून मोकळे झाले. टायपिस्ट माणूस, बोटांना सवय. नगसाहेब खूश झाले. आधी आलेला माल आधी द्यायचा, या न्यायाने त्यांनी बरणीत आधी पडलेली कवळी काढून सासऱ्यांच्या हातावर ठेवली. उरलेली बाबांना दिली. चष्मे वरून खाली ज्या क्रमाने आले त्या क्रमाने वाटले. दहा मिनिटांत काम फत्ते. बायकोला हे दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

पण बाबांचा जबडा होता कंडक्टरचा, चांगला ऐसपैस, आणि सासऱ्यांचा चिमुकला. त्यामुळे बाबांच्या तोंडात ते दात खुळखुळायला लागले आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला शिट्टी वाजू लागली. ("आयुष्यभर डबल बेल मारली, आता ही शिट्टी!" असं ते म्हणाले, तेव्हा चार शिट्ट्या झाल्या.) उलट सासऱ्यांचे ओठ काही केल्या मिटेनात. बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर, आणि सासरे हसतायत! भिंतीकडे बघून हसतायत, घड्याळाकडे बघून हसतायत.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. "अगं बाई! जावईबापू, हे हसतायत हो! डॉक्टरांना बोलवा!"

गंमत अशी की दोन्ही म्हाताऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात दातांचा संशय आला नाही. आपलंच तोंड आता वयाने बदललं, असं दोघंही धरून चालले. बाबा गप्प बसले. बाबा गप्प! आईचा जीव खालीवर व्हायला लागला. "व्याहीबुवा," बाबा हळूच शिट्टी वाजवत म्हणाले, "आता आपलं काही खरं नाही." व्याहीबुवा त्यावर तोंड भरून हसले. त्यांचे डोळे मात्र पाणावले होते.

बरोबर आठ वाजता बायकोचा व्हिडिओ कॉल आला.

"सगळं ठीक ना?"

"एकदम शिस्तीत!" नगसाहेब म्हणाले, आणि अभिमानाने त्यांनी फोन सगळीकडे फिरवला. फोन सासऱ्यांवर आला.

"थांबा! पप्पा हसतायत?" पलीकडून सिस्टरचा आवाज आला, बायकोचा नव्हे. "तोंड वाकडं झालंय का? त्यांना दोन्ही हात वर करायला सांगा!"

सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले. दात बाहेर, हात वर. नुकतीच निवडणूक जिंकल्यासारखे दिसत होते.

"सूनबाई, काळजी करू नकोस," बाबांनी मागून धीर दिला.

"शिट्टी कोण वाजवतंय?"

"कुकर!" नगसाहेब म्हणाले.

"कुकर मला सूनबाई म्हणाला?"

सासूबाईंनी फोन हिसकावला. "अगं, काही नाही गं. जावईबापूंनी एक विनोद सांगितला, त्यावर हसले."

"ह्यांच्या विनोदावर? पप्पा?" बायको उभीच राहिली. "आई, हे काहीतरी डोक्यातलं आहे. मी सकाळच्या पहिल्या गाडीने निघते."

एकोणीस वर्षांच्या रात्रपाळ्या नगसाहेबांना दिसल्या. पहाटे सुजलेले पाय घेऊन येणारी, तरी आधी चौघांच्या गोळ्या काढून ठेवणारी बायको दिसली. आपल्यामुळे तिचं पद जाणार, हे त्यांना फार लागलं. "अगं, नको येऊस," एवढंच ते म्हणाले, आणि तेही फोन उलटा धरून.

इकडे आई मात्र चष्म्यांच्या खोक्याशी बसली होती. एक लाव, काढून टाक, दुसरा लाव. पाचवा चष्मा तिचा निघाला. तिने मान वर केली, व्याह्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि ताडकन उठली.

"अगं बाई! तो कोपरा उडालेला दात तर आमच्या ह्यांचा! बदाम फोडताना माझ्यादेखत उडाला होता! काढा, दोघंही काढा आधी!"

फोन छताकडे वळवण्यात आला. अर्धा मिनिट छत दिसलं. मग फोन खाली आला, तेव्हा सासऱ्यांच्या चेहऱ्यावर निकाल विरुद्ध लागलेला होता.

"हां!" बायकोने सुटकेचा श्वास सोडला. "हे माझे पप्पा. काय झालं होतं हो?"

सगळे नगसाहेबांकडे बघायला लागले. नगसाहेबांनी जमिनीकडे पाहिलं. सासऱ्यांनी घसा साफ केला आणि त्या दिवसाचे सहा शब्द एकदम खर्च केले.

"खरंच विनोद होता. तू प्रशिक्षण संपव."

फोन ठेवल्यावर आईने वाट्या पुन्हा जागेवर मांडल्या आणि नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. "आता कशाला हात लावशील तर बघ," एवढंच ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस मात्र घर घड्याळासारखं चाललं. एक वाजला की आई विचारायची, "जेवलास का?" सासूबाई रक्तदाबाची गोळी हातात ठेवून ती गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. बाबा "कुठे चाललास, किती वाजता येशील" विचारून दाराशी बसायचे. सासरे गॅस बंद आहे का ते बघून यायचे आणि नोंदवहीत काहीतरी लिहायचे. ते पाहून नगसाहेबांचा ऊर भरून आला. शेवटी शिस्त लागली म्हणायची सगळ्यांना!

गुरुवारी संध्याकाळी बायको आली. मेट्रन होऊन आली. बाबांनी दारातच डबल बेल दिली. सासूबाईंनी डोळे पुसले, मग काळजीने पुन्हा पुसले. नगसाहेबांनी नोंदवही पुढे केली.

"घे, मोजून घे. चारही जसेच्या तसे. सही कर."

बायकोने वही चाळली. पहिलं पान वाचून खालचा ओठ दाताखाली धरला. मग थेट शेवटचं पान काढलं, तिथे सही केली आणि वही परत देऊन हातपाय धुवायला गेली.

शेवटचं पान? नगसाहेबांनी शेवटचं पान कधी लिहिलंच नव्हतं. त्यांनी ते उघडलं. सासऱ्यांचं अक्षर, टाइप केल्यासारखं.

"वस्तू: जावई. नग: एक. मुलीच्या विनंतीवरून ताब्यात घेतला: सोमवार, सकाळी सहा. परत केला: गुरुवार, संध्याकाळी सात. स्थिती: चालू. शेरा: झाकण सैल."

खाली चौघांच्या सह्या होत्या. त्याखाली बायकोची, आणि तिच्या हाताने लिहिलेलं, "मिळाला. होता तसाच."

नगसाहेबांनी सत्तावीस वर्षांच्या सवयीने नोंद वरपासून खालपर्यंत ताडून पाहिली. वस्तू, नग, वार, वेळ, स्थिती, शेरा. खोट काढायला कुठेही जागा नव्हती. त्यांनी खिशातलं पेन काढलं, खाली "तपासले, बरोबर आहे" असं लिहिलं आणि सही केली.